खरेदीआधी खातं उघडायची सक्ती का? ‘गेस्ट चेकआउट’ म्हणजे नेमकं काय?

ऑनलाइन दुकानात वस्तू कार्टमध्ये टाकून पैसे भरायला गेलं, की अनेकदा समोर येतं, ‘आधी नोंदणी करा’. मग ईमेल, ओटीपी, पासवर्ड. एका चपलेच्या जोडासाठी कायमचं खातं कशाला, हा प्रश्न साहजिक आहे.

दुकानांना खातं का हवं असतं?

खात्यामुळे ऑर्डर कुठवर आली ते कळतं, परतावा सोपा होतो, पत्ता पुन्हा लिहावा लागत नाही. पण दुकानाचाही फायदा असतो. ग्राहक काय आणि कितीला घेतो याची नोंद राहते, जाहिरातींचे मेसेज पाठवता येतात.

३० कोटी डॉलरचं बटण

वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अमेरिकी तज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचा अनुभव लिहिला. तिथे लॉगिन किंवा नोंदणीशिवाय खरेदी होत नसे. नवे ग्राहक वैतागत आणि जुन्यांना पासवर्ड आठवत नसे. रोज १ लाख ६० हजार लोक पासवर्ड मागवत. त्यातले ७५ टक्के पुन्हा खरेदीकडे वळतच नसत.

दुकानाने ‘नोंदणी करा’ऐवजी ‘पुढे जा’ असं बटण ठेवलं आणि खात्याची गरज नाही, हे स्पष्ट लिहिलं. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्याच वर्षी विक्री ३० कोटी डॉलरने वाढली. खात्याशिवाय खरेदी करण्याच्या याच सोयीला ‘गेस्ट चेकआउट’ म्हणतात.

नियम काय सांगतात?

जर्मनीतल्या डेटा संरक्षण प्राधिकरणांच्या परिषदेने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की ऑनलाइन दुकानांनी सर्वसाधारणपणे गेस्ट खरेदीचा पर्याय द्यायला हवा. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खरेदीसाठी गरज नसलेली वैयक्तिक माहिती द्यायला भाग पाडणं त्यात ‘सक्तीची कृती’ या प्रकारात येतं. मात्र खात्याच्या सक्तीवर त्यात थेट बंदी नाही.

ग्राहकांनी काय करावं?

‘गेस्ट’चा पर्याय अनेकदा बारीक अक्षरांत असतो, तो शोधावा. गेस्ट म्हणून घेतलं तरी डिलिव्हरीसाठी नाव, पत्ता, मोबाइल नंबर द्यावाच लागतो. जन्मतारीख मात्र चपलेसाठी लागत नाही. खातं उघडावंच लागलं तर पासवर्ड वेगळा ठेवावा. एकच पासवर्ड सगळीकडे असेल, तर एका दुकानातून तो फुटल्यावर ईमेलचं दारही उघडतं.