शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, हे आपल्या घरोघरचे शास्त्र आहे. परंतु वरचा भात कच्चा आणि तळचा करपलेला असेल, तर वरचेच शीत चेपून पाहणारी गृहिणी फसते. लोकमताच्या चाचणीचेही तसेच आहे.

गोव्यातील मंडळींना येथे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवेल. तो प्रकार निराळा. तेथे साऱ्याच मतदारांना विचारण्यात आले होते. चाचणीत मूठभरांना विचारून सर्वांचे मन सांगावयाचे असते.

अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाला मात्र मूठभरांवर समाधान नव्हते. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी त्याने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. २३ लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांवरून रूझवेल्ट पडणार व लँडन निवडून येणार, असे भाकीत छापले गेले. १९२० पासून या साप्ताहिकाचे अंदाज खरे ठरत आले होते. मग शंका कोण घेणार? प्रत्यक्षात रूझवेल्टना सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि ४८ पैकी अवघी दोन राज्ये लँडन यांच्या पदरात पडली.

नावे घेतली होती मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून. महामंदीच्या त्या दिवसांत ज्याच्या घरी टेलिफोन वा दारी मोटार, तो बहुधा रूझवेल्टविरोधी असावयाचा. हे कारण पाठ्यपुस्तकांतून नेहमी सांगतात, आणि ते खोटे नाही. पण अपुरे आहे. पाऊण कोटीहून अधिक पत्रिका परत आल्याच नाहीत, त्यांचे काय? १९३७ मधील गॅलप यांच्या एका पाहणीची आकडेवारी १९८८ मध्ये पुन्हा तपासली गेली, तेव्हा असे दिसले की, पत्रिका मिळूनही ती न धाडणाऱ्यांत रूझवेल्टचे चाहते अधिक होते. रागावलेला मनुष्य पोस्टापर्यंत चालत जातो. संतुष्ट मनुष्य पत्रिका फडताळात टाकून देतो. याद्या सुधारता येतात, हे मौन कसे मोजावे?

जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी माणसांच्या आधारे रूझवेल्टचा विजय सांगितला. एवढेच नव्हे, तर ‘डायजेस्ट’ काय चूक करणार, हेही पत्रिका निघण्यापूर्वीच छापले! त्यांचा स्वतःचा आकडाही पाच-सहा टक्क्यांनी उणा होता, हे त्या जयघोषात कोणी फारसे पाहिले नाही. साप्ताहिक १९३८ मध्ये बंद पडले.

प्रश्नाच्या शब्दांनीही उत्तर फिरते. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी देऊ नये’ म्हणणारे ६२ टक्के निघाले. ‘बंदी घालावी का?’ असे विचारताच होकार देणारे ४६ टक्केच उरले.

पुढे १९४८ मध्ये गॅलपही ठेचाळले. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके श्रीमंत, इतके गरीब, असा वाटा ठरवून देत. मात्र त्यात नेमके कोणाला गाठावे, हे विचारणाऱ्याच्या मर्जीवर असे. तो साहजिकच सहज भेटणाऱ्या, बरे बोलणाऱ्या घरी जाई. शिवाय ऑक्टोबरच्या मध्यासच विचारपूस थांबली. लोकांचे मन मात्र थांबले नव्हते. अंदाज होता ड्यूई ४९.५ आणि ट्रुमन ४४.५ टक्के. ड्यूई जिंकल्याचा मथळा शिकागोच्या एका दैनिकाने छापूनही टाकला. तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसणारे ट्रुमन यांचे छायाचित्र आजही जुन्या ग्रंथांतून पाहावयास मिळते.