ठोक्यांमधील अंतर

नाडी पाहणे ही आपल्याकडे फार जुनी विद्या आहे. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या शार्ङ्गधरसंहितेत वाताच्या नाडीला सापाची, पित्ताच्या नाडीला बेडकाची आणि कफाच्या नाडीला हंसाची चाल दिली आहे. थांबून थांबून चालणारी नाडी मात्र प्राणघातक ठरविली आहे. ठोके किती पडले एवढेच नव्हे, तर ते कोणत्या अंतराने पडले, इकडेही वैद्याचे लक्ष होते.

आज हे काम मनगटावरचे घड्याळ करू लागले आहे. जबलपूरच्या बड्या फुहाऱ्यावर दुकान असलेले आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. हृदयाची भरधाव गती थांबविण्यासाठी त्यांनी कॅथेटर ॲब्लेशन करून घेतले. धडधड थांबली, परंतु ठोक्यांमधील अंतराचा चढउतार दाखविणारा घड्याळातील आकडा खाली आला. असा आकडा घटणे घातक, असे कोठेतरी वाचून त्यांची झोप उडाली. या भीतीचे उत्तर इतिहासात सापडते.

निरोगी हृदयाचे ठोके अगदी सारख्या अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना ते किंचित जवळ येतात, सोडताना दूर जातात. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली हे यंत्राने रेखाटून दाखविले. त्याच्या दोनच वर्षे आधी वेबर बंधूंनी व्हेगस नावाचा मज्जातंतू चेतविला असता हृदय मंदावते, हे सिद्ध केले होते. ठोक्यांमधील हा सूक्ष्म चढउतार मुख्यतः व्हेगसच्या लगामाचा आहे.

या आकड्याला धाक प्राप्त झाला तो १९८७ साली. अमेरिकेत क्लायगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रोग्यांचा अभ्यास केला. ज्यांच्यात हा चढउतार फार कमी होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, तो भरपूर असलेल्यांच्या मानाने, पाच पटींहून अधिक आढळले. मात्र हे निरीक्षण झटक्याने दुखावलेल्या हृदयांचे होते, हे विसरता कामा नये.

ॲब्लेशनची कथा निराळी आहे. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, गतीचा घोटाळा करणारा नेमका ठिपका निकामी करावयाचा, अशी ही रीत. शाइनमन प्रभृतींनी १९८२ साली तिचा पहिला वृत्तांत दिला. तेव्हा विजेचा जबर धक्का वापरीत. पुढे रेडिओलहरींची उष्णता आली आणि १९९१ साली जॅकमन यांनी जन्मजात जादा विद्युन्मार्ग असलेल्या १६६ पैकी १६४ रोग्यांत तो मार्ग बंद केल्याचे प्रसिद्ध केले.

लवकरच एक अनपेक्षित गोष्ट लक्षात आली. हृदयाच्या कप्प्यांमधील पडद्यापाशी असे ॲब्लेशन केल्यावर ठोक्यांचा चढउतार घटतो, असे १९९३ साली कोकोविच व सहकाऱ्यांना आढळले. व्हेगसचे तंतू तेथूनच जातात आणि उष्णतेने तेही दुखावतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. १९९८ साली बोर्दो येथील हायसागेर यांनी एट्रियल फिब्रिलेशनच्या ठिणग्या बहुधा फुप्फुसशिरांच्या मुखाशी उडतात, हे दाखविले. त्या मुखांभोवतीच्या चरबीत मज्जातंतूंच्या गाठी असतात. म्हणून तेथील ॲब्लेशननंतर विश्रांतीतील नाडी थोडी जलद होते व चढउतार घटतो. पुढील काही महिन्यांत पुष्कळांत तो कमीअधिक परततो. इतकेच नव्हे, तर २००४ साली इटलीच्या पाप्पोने यांना, ज्यांच्यात व्हेगसचे हे तंतू तुटले त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. यावर पुढे मतभेद झाले, हेही खरे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. फिब्रिलेशन चालू असताना ठोके अस्ताव्यस्त पडतात आणि आकडा फुगतो. ते आरोग्य नव्हे. तेव्हा आधीचा फुगलेला आणि नंतरचा शांत आकडा यांची तुलनाच चुकीची ठरते.

एकच आकडा दोन कारणांनी घटतो. झटक्यानंतर तो दुखावलेल्या हृदयाची वार्ता देतो. ॲब्लेशननंतर बहुधा शेजारी भाजलेल्या तंतूंची. धडधड पुन्हा सुरू झाली, भोवळ आली, शुद्ध हरपली, तर डॉक्टरांकडे तत्काळ जावे. केवळ घड्याळातील आकडा उतरला म्हणून रात्र जागून काढण्याचे कारण नाही.