बॅटरीवर चालणारा प्रवाहमापक

बॅटरीवर चालणारा प्रवाहमापक हे वीजपुरवठा नसलेल्या ठिकाणी बंद नळातून वाहणाऱ्या पाण्याचा दर व एकूण आकारमान मोजून ते स्वतःच्या स्मृतीत साठवणारे उपकरण आहे. आज वापरात असलेले असे मापक बहुधा विद्युतचुंबकीय किंवा अल्ट्रासोनिक प्रकारचे असतात. कारखान्याचा भूजलउपसा, सांडपाण्याचा विसर्ग किंवा पाण्याचे देयक यांचा हिशेब या नोंदींवर ठरत असल्याने उपकरण बसवताना नोंद, ऊर्जाबचत व सुरक्षा यांची मांडणी एकत्रितपणे करावी लागते.

नोंद

दर १५ मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५,०४० नोंदी होतात. दर मिनिटाला एक घेतल्यास वर्षाला ५,२५,६००. एक लाख नोंदी मावतील एवढी स्मृती पहिल्या मांडणीत सुमारे पावणेतीन वर्षे पुरते, तर दुसऱ्या मांडणीत सत्तर दिवसही पुरत नाही. स्मृती भरल्यावर जुनी नोंद पुसून नवी घ्यावी की नोंद थांबवावी, हेही आधी ठरवावे लागते. पहिल्या पर्यायात जुना पुरावा नष्ट होतो, तर दुसऱ्यात ताजा मिळतच नाही.

गळती शोधण्यासाठी रात्री दोन ते चारच्या सुमाराचा किमान प्रवाह पाहतात, कारण त्या वेळी वापर जवळजवळ थांबलेला असतो. ही पद्धत चोवीस तास पुरवठा असलेल्या जाळ्यासाठी आहे. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते, त्यामुळे ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. शिवाय पाणी सुटताना रिकाम्या नळातील हवा आधी बाहेर पडते आणि विद्युतचुंबकीय मापकात त्या वेळी निरर्थक आकडे उमटू शकतात. ते टाळण्यासाठी ‘रिकामा नळ’ ओळखण्याची सोय चालू ठेवतात.

घड्याळाकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. बॅटरी बदलताना वेळ चुकीची लागली, तर दिवसाचा वापर रात्रीच्या खात्यात जमा होतो व नसलेली गळती दिसू लागते.

ऊर्जाबचत

अशा मापकांत सहसा ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरी असते. विद्युतचुंबकीय मापकात चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्यांना वीज बरीच लागते, म्हणून ती सतत न देता काही सेकंदांच्या अंतराने देतात. मधल्या काळात उपकरण सुप्तावस्थेत असते. प्रवाह संथ व स्थिर असेल तर यात फारसे बिघडत नाही. पंप वारंवार सुरू-बंद होत असल्यास मात्र दोन मापनांमधील चढउतार निसटतात व एकूण आकारमान चुकते.

सर्वाधिक वीज बहुधा मोबाइल जाळ्यावर माहिती पाठवणारा मोडेम खातो. त्यामुळे नोंद दर १५ मिनिटांनी घेऊन ती दिवसातून एकदाच पाठवणे ही रूढ तडजोड आहे. चेंबरवर लोखंडी झाकण असल्यास संदेशलहर क्षीण होते, मोडेम पुन्हा पुन्हा जाळे शोधत राहतो आणि बॅटरी अपेक्षेपेक्षा बरीच लवकर संपते. तेव्हा नोंदींचे अंतर वाढवण्यापेक्षा अँटेना झाकणाबाहेर काढणे अधिक उपयोगी ठरते.

सुरक्षा

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ना-हरकत प्रमाणपत्र घेणाऱ्यांना छेडछाड न करता येणारा, दूरसंवेदी यंत्रणा जोडलेला अंकीय प्रवाहमापक बसवणे बंधनकारक आहे. छेडछाड रोखण्याचे पहिले पाऊल म्हणजे कारखान्यातून आलेला मूळ परवलीचा शब्द बदलणे. ही साधी गोष्ट वाटते. पण २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अलिक्विपा येथील पाणीपुरवठा केंद्राच्या नियंत्रकावर झालेल्या हल्ल्यात मूळ शब्द तसाच राहिला असावा, असे तेथील शासकीय यंत्रणांनी म्हटले होते. मापकाला जोडलेली मॉडबस ही १९७९ पासूनची संवादपद्धती मुळात ओळख तपासत नाही, त्यामुळे तिची तार खुल्या इंटरनेटला थेट जोडत नाहीत.

आकडे वाचणाऱ्याला व मांडणी बदलणाऱ्याला वेगळे परवलीचे शब्द देतात. एकूण आकारमान शून्यावर आणण्याची सोय कुलूपबंद ठेवतात आणि काही उपकरणांत मांडणीतील बदल रोखणारी कळ झाकणाच्या आत असते, त्यावर शिशाचे सील लावले जाते. कोणता बदल केव्हा झाला याची घटनानोंदही चालू ठेवतात; एखाद्या महिन्याचा उपसा अचानक घटलेला दिसला, तर तपासणीत प्रथम तीच पाहिली जाते.