नक्कल, तारीख आणि टक्क्याचं चिन्ह

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मावशीने फोनवर विचारलं, "दादांची सगळी पत्रं आहेत ना रे तुझ्याकडे?" हो म्हणालो, पण ते पूर्ण खरं नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

साताऱ्याचे आजोबा आईला सांगलीला पत्रं लिहायचे. ती मी स्कॅन करून ठेवली होती. रोज रात्री त्यांची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करणारी चार ओळींची शेल स्क्रिप्टही लिहिली होती. तिचा मला केवढा अभिमान! ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक चार दिवस पाण्यात होती. कागदांचा लगदा झाला. मी आईला म्हटलं, "काळजी करू नकोस, डिस्क आहे."

डिस्क उघडली तर अकरा पत्रं वाचताच येईनात. मावशीला मेल करायचे म्हणून आईने कधीतरी ते फोटो लहान करून त्याच नावाने सेव्ह केले होते. स्क्रिप्टने त्या रात्री इमानेइतबारे चांगल्या प्रतीवर वाईट प्रत चढवली. चूक आईची नाही. नक्कल कोणत्या दिवसाची हे नावात लिहायचं मला सुचलं नव्हतं.

उपाय लहानसा होता. फाईलचं नाव एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, शेवटच्या टिंबापासूनचा भाग छाटायचा, तारीख जोडायची आणि छाटलेला भाग परत लावायचा. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला, तेव्हा एवढ्यासाठी प्रत्येक फाईलमागे वेगळा प्रोग्रॅम बोलवावा लागे. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने १९८० च्या दशकात ही छाटणी शेलमध्येच आणली. महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे # टाकलं की सुरुवातीचा भाग कापला जातो, % टाकलं की शेवटचा. लक्षात ठेवायला सोपं: कीबोर्डवर # हे $ च्या डावीकडे असतं, % उजवीकडे. १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणात हे आलं आणि आज लिनक्सवर सगळीकडे चालतं. तारीख मात्र आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशीच लिहावी. म्हणजे नावं अक्षरानुक्रमे लावली की काळानुक्रम आपोआप लागतो.

हे करताना मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे आठवले. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं उतरून काढली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला. जुन्या मराठी पत्रांची मोठी अडचण म्हणजे पुष्कळ पत्रांत चंद्र, महिना असतो, पण साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच असे! मग मजकुरातल्या माणसांवरून, लढायांवरून साल बसवायचं. तिकडे साताऱ्यात पारसनीसांनी आयुष्यभर कागद जमवले. त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद एकाच जागी, एकाच प्रतीत राहू नये हे या मंडळींना संगणकाशिवाय कळलं होतं.

आमचे आजोबाही "श्रावण शु. ५" एवढंच लिहायचे. साल नाही! आता दर रविवारी आई फोनवर सांगते, "विहिरीला पाणी लागलं म्हणतात ना, म्हणजे तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षीचं." मी ते साल फाईलच्या नावात पुढे लावतो, नक्कल केल्याची तारीख मागे. एक डिस्क सांगलीत वरच्या मजल्यावर, एक मावशीकडे साताऱ्यात.

ती अकरा पत्रं गेली, मावशी. पण त्यातली तीन आईला पाठ आहेत. ती सांगते तशी टाईप करून ठेवतोय. तुला त्यातलं काही आठवत असेल तर कळव. आईची आणि तुझी आठवण जुळली नाही, तरी दोन्ही ठेवीन, तारखेसकट.