यॅक ते बायसन : एका अक्षराने दिलेला शब्द

आपण मोबाईलवर बोट टेकवले की काम होते. प्रोग्रामरचे बरेचसे काम मात्र आजही आज्ञा टाईप करूनच चालते. आज्ञेच्या मागे '-डी', '-व्ही' अशी शेपटे जोडतात. त्यांना ऑप्शन म्हणतात. ही शेपटे ठरवताना केलेली काटकसर पुढच्यांना किती महागात पडते, याचे एक उदाहरण पाहू.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 'यॅक' हे साधन तयार केले. एखाद्या भाषेच्या व्याकरणाचे नियम फाईलमध्ये लिहून द्यायचे. ती भाषा वाचणारा सी भाषेतला प्रोग्राम यॅक स्वतः लिहून देतो. म्हणजे कोड लिहिणारा कोड! हातांनी करायचे किचकट काम त्याने वाचवले.

त्या काळी युनिक्स टेलिटाइप यंत्रांवर वापरले जाई. त्यातले मॉडेल ३३ सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापत असे. अशा वेळी एका अक्षराचे ऑप्शन ही चैन नव्हती, गरज होती. यॅकला '-डी' दिले की हेडर फाईल मिळे, '-व्ही' दिले की व्याकरणाचा तपशीलवार अहवाल. पण हेच '-व्ही' दुसऱ्या एखाद्या साधनात आवृत्तीचा क्रमांक सांगते. अक्षर तेच, अर्थ वेगळा. वापरणाऱ्याने पाठ करायचे आणि चुकायचे.

खरी अडचण वेगळीच होती. यॅक आपला कोड नेहमी 'वाय.टॅब.सी' या एकाच नावाच्या फाईलमध्ये लिही. एका फोल्डरमध्ये दोन व्याकरणे असली, तर दुसऱ्याचा कोड पहिल्याच्या कोडवर लिहिला जाई, आणि तोही न विचारता. आतल्या फंक्शनांची नावेही ठरलेली, त्यामुळे दोन पार्सर एका प्रोग्राममध्ये नांदू शकत नसत. लोक फाईलचे नाव बदलत, 'सेड' चालवून आतली नावे बदलत. पुढे ऑटोमेकला तर हा गोंधळ आवरण्यासाठी 'वायएलरॅप' नावाची वेगळी स्क्रिप्ट सोबत द्यावी लागली. एक ऑप्शन नव्हता, म्हणून किती हातांना किती काम!

पोझिक्स मानकाने '-बी' (फाईलच्या नावाची सुरुवात) आणि '-पी' (आतल्या नावांची सुरुवात) हे ऑप्शन यॅकमध्ये घेतले. सोय झाली, पण अक्षरे पुन्हा मुकीच.

रॉबर्ट कॉर्बेट यांनी लिहिलेले 'बायसन' रिचर्ड स्टॉलमन यांनी यॅकशी जुळणारे केले. बायसन मूळ फाईलच्या नावावरूनच नव्या फाईलचे नाव ठरवते, त्यामुळे टक्कर आपोआप टळते. '--आउटपुट', '--व्हर्बोज' असे पूर्ण शब्दांचे ऑप्शनही त्यात आहेत. वर्षभराने स्क्रिप्ट उघडणाऱ्यालाही ते वाचता येतात.

पण मला बायसनची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. जुन्या स्क्रिप्टा त्याने वाऱ्यावर सोडल्या नाहीत. '-वाय' दिले की ते मुकाट्याने 'वाय.टॅब.सी' लिहिते. '-डी' सोबत फाईलचे नाव देता येत नाही, कारण पोझिक्सनुसार हे अक्षर इतर अक्षरांना चिकटवून लिहिता आले पाहिजे. नाव द्यायचे तर लांब ऑप्शन आहे. नव्याला स्पष्टता आणि जुन्याला दिलेला शब्द, दोन्ही पाळले.

ऑप्शन म्हणजे आपण कधीही न भेटणाऱ्या माणसाशी केलेला करार असतो. लिहिणारा दोन मिनिटांत अक्षर निवडतो. अनोळखी माणसे आपले काम त्याच्या भरवशावर उभे करतात. म्हणून साधन बनवणाऱ्याने आधीच विचारावे : हे नाव वाचून अर्थ कळतो का? फाईल कुठे लिहिली जाईल हे वापरणाऱ्याच्या हातात आहे का? कुणाचे काम न सांगता पुसले तर जाणार नाही ना? नंतर नाव बदलणे सोपे असते, दिलेला शब्द मागे घेणे नाही.