एकापेक्षा कमी म्हणजे सुरक्षित? पाण्यातील शिसे आणि बंगळुरूचा धडा

फेब्रुवारी १९९९ मध्ये बंगळुरू येथे शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या पार्श्वभूमीवर होती जॉर्ज फाउंडेशनची ‘प्रोजेक्ट लेड-फ्री’ ही पाहणी. या पाहणीत देशातील प्रमुख शहरांत रहिवाशांच्या रक्ताचे नमुने तपासले गेले आणि निम्म्याहून अधिक शहरी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. तेव्हा मुख्य स्रोत होता पेट्रोल. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. थुप्पिल व्यंकटेश यांनी हे काम पुढे रंग, बॅटऱ्या आणि कारागिरांच्या व्यवसायांपर्यंत नेले.

या पाहणीचे वैशिष्ट्य असे की, तिने हवा किंवा पाणी यांवर न थांबता थेट माणसाचे रक्त तपासले. पाण्यातील धातूंच्या जोखमीचे मूल्यमापन मात्र बहुधा उलट दिशेने, पाण्याकडून माणसाकडे, होते.

त्या पद्धतीचा पाया १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने घातला. तिने चार पायऱ्या सांगितल्या : घातकता ओळखणे, मात्रा व परिणाम यांचा संबंध शोधणे, संपर्क मोजणे आणि शेवटी जोखीम ठरवणे. यातूनच धोका-गुणोत्तर रूढ झाले. शरीरात रोज जाणाऱ्या मात्रेला निर्धोक मानलेल्या संदर्भमात्रेने भागायचे. उत्तर १ पेक्षा कमी आले, तर काळजीचे कारण नाही.

समजा, पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम शिसे आहे. रोज दोन लिटर पाणी पिणाऱ्या ६० किलो वजनाच्या प्रौढाला दर किलोमागे ०.३३ मायक्रोग्रॅम शिसे मिळते. एक लिटर पिणाऱ्या १० किलोच्या बालकाला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे तिप्पट. त्यातही प्रौढाचे आतडे पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषते, तर बालकाचे निम्म्यापर्यंत.

अनेक शोधनिबंधांत शिशाची संदर्भमात्रा किलोमागे दिवसाला ३.५ मायक्रोग्रॅम धरलेली असते. त्या हिशेबाने बालकाचे गुणोत्तर ०.२९ येते आणि पाणी ‘सुरक्षित’ ठरते. या आकड्याचे मूळ जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८६ साली मुलांसाठी ठरवलेल्या आठवड्याच्या मर्यादेत आहे : किलोमागे २५ मायक्रोग्रॅम. त्याला सातने भागले की साडेतीन. पाण्यातील १० मायक्रोग्रॅमचे मार्गदर्शक मूल्यही १९९३ मध्ये याच मर्यादेवरून, बाटलीने दूध पिणारे ५ किलोचे अर्भक डोळ्यांसमोर ठेवून काढले गेले.

२०१० मध्ये त्याच समितीने ही मर्यादा मागे घेतली. एवढ्या मात्रेने मुलांचा बुद्ध्यंक किमान ३ गुणांनी घटतो आणि निर्धोक म्हणता येईल अशी पातळीच सापडत नाही, हे तिला मान्य करावे लागले. भारतीय मानक ब्यूरोनेही २०१२ मध्ये पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा लिटरला ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली. शोधनिबंधांतील भागाकारात मात्र साडेतीनचा आकडा अजूनही टिकून आहे.

बंगळुरूत हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. बसवनगुडीच्या नंदीजवळ उगम सांगितली जाणारी वृषभावती नदी शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी घेऊन बिडदीजवळच्या बैरमंगल तलावात जाते. त्या पाण्यावर शेती होते, जनावरांचा चारा पिकतो. असे पाणी कोणी पीत नसले, तरी त्यातील धातूंना माती, भाजी, चारा आणि दूध या वाटा खुल्या असतात. केवळ पिण्याचे पाणी धरून काढलेल्या गुणोत्तरात या वाटा येत नाहीत. शिवाय शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत दशकानुदशके साठते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते.

म्हणून पाण्यातील धातूंवरील अहवाल वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात : संदर्भमात्रा कोणत्या वर्षाची आहे, हिशेब बालकाचा आहे की प्रौढाचा, आणि अन्नातून येणारा धातू त्यात धरला आहे का. शिशाच्या बाबतीत चौथीही : कोणाचे रक्त तपासले आहे का? भागाकाराला जे दिसत नाही, ते बंगळुरूला १९९९ मध्ये रक्तातच दिसले होते.