कोशाच्या आत काय घडते

आंधळगाव, मोहाडी म्हटले की आपल्याला करवतकाठी साडी आठवते. भंडाऱ्याचा हा कोसा म्हणजे ढिवर कुटुंबांनी ऐन-अर्जुनाच्या झाडांवर सांभाळलेला टसर किडा. त्याच्याच कुळातला एक पतंग उत्तर अमेरिकेत आहे, सेक्रोपिया. आजची गोष्ट त्याच्यापासून सुरू होते, हे नाते आम्हांला फार आवडते.

स्वीडनमध्ये हान्स बोमन यांच्या गटाने सेक्रोपियाच्या निद्रिस्त कोषांना जिवाणू टोचले. निद्रिस्तच का? तेव्हा शरीरात नवी प्रथिने फारशी बनत नाहीत. जे बनेल ते लगेच नजरेत भरते. त्यातून सापडलेल्या सेक्रोपिनांची रचना १९८१ साली 'नेचर'मध्ये आली. सेक्रोपिन-ए ही अवघ्या ३७ अमिनो आम्लांची साखळी.

साखळी धनभारित, जिवाणूचे पटल ऋणभारित. म्हणून ती तिथे चिकटते, मळसूत्रासारखा पीळ घेते आणि पटल मोडते. आपल्या निरोगी पेशीच्या बाहेरच्या थरावर असा ऋणभार कमी असतो. बघा, कर्कपेशीत मात्र आतल्या थरातले फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते. पुढे प्रयोगशाळेत सेक्रोपिनांनी कर्कपेशीही मारल्या.

पण काचेच्या बशीत मारणे वेगळे. रक्तातली विकरे ही साखळी तोडतात. मात्रा वाढवावी तर निरोगी पेशींनाही इजा. सेक्रोपिन आजही कर्करोगाचे औषध नाही. कोशातला किडा खाल्ल्याने गाठ विरते, असे उद्या कुणी सांगितलेच, तर लक्षात ठेवा: पोटात हे पेप्टाइड डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते, आणि तेवढ्यात तपासणीची तारीख हुकते.